शाळा फडाकडे की पोरं शाळेकडे?

1724 साली निजामाने साखरखेर्ड्याच्या मैदानात मुबारिजखानाला लोळवलं आणि हैदराबादच्या गादीचा पाया घातला. गावातल्या पोरांनी परीक्षेत ठोकून द्यावी अशी माहिती! पण साखरखेर्ड्याच्या या सिंदखेडराजा-लोणार पट्ट्यात दिवाळी सरली की वर्गातली काही पोरं दिसेनाशी होतात. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप ऊसतोडीला निघतात, लेकरं त्यांच्यासोबत.

तोडीचा हिशेब मोठा मजेदार. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. लेकराला या गणितात शून्य किंमत. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळतं मात्र तेच.

मग शाळाच उसाच्या फडाकडे गेली. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेच्या भोंगाशाळा भरल्या; भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. बांधकामावरच्या लेकरांसाठी मीरा महादेवन यांनी 1969 मध्येच दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केलं होतं.

आपली पसंती मात्र पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाला. वसतिगृह म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते, पण बऱ्याच गावांत ती नसतेच! पोरं झोपायला आजीकडे, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, दुपारची खिचडी ठरलेलीच. कारभार शाळा व्यवस्थापन समितीकडे. थोडक्यात, आजी ही बिनपगारी अधीक्षक. सरकारी कागदात तिचं पद कुठेच नाही, हे ओघानं आलंच.

तरी लेकरू गेलंच, तर त्याच्यासोबत शिक्षण हमी पत्रक द्यायचं. कितवीत आहे, काय येतं, हे पत्रक पाहून नव्या गुरुजींनी वर्गात बसवायचं. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो.

अमेरिकेतही हेच दुखणं. पिकांमागे राज्यं पालथी घालणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांसाठी तिथे 1966 मध्ये सरकारी शिक्षण योजना आली. त्यांत लॅटिनो मुलंच जास्त. 1970 च्या दशकात या मुलांच्या नोंदी आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या संगणकात जमा होत. हमी पत्रकाचा हा थोरला भाऊच! शेतमजुरांचा नेता सेझर चावेझच्या लहानपणी असलं काही नव्हतं. तिसाहून जास्त शाळा बदलून तो आठवीनंतर कायमचा शेतात राबायला गेला आणि 1962 मध्ये त्याच शेतमजुरांची संघटना बांधायला लागला.