घरातल्या सर्व्हरसाठी यूपीएस केवढा घ्यावा? आधी मिनिटं ठरवा, मग बॅटरी



घरातून व्यवसाय करणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो. "सर, हिशेबाचा सगळा डेटा एका छोट्या सर्व्हरवर ठेवलाय. यूपीएस ६०० चा घेऊ की ११०० चा?" व्हिडिओत आपण याचं गणित फळ्यावर मांडलं. इथे तेच सावकाश, आकड्यांसकट लिहून देतो. दुकानात जाताना मोबाईलवर उघडून ठेवा.

एक उदाहरण धरू. तुम्ही घरातून जीएसटी रिटर्न भरायचं काम करता. एका मिनी पीसीचा सर्व्हर केलाय आणि दोन लॅपटॉप त्याला जोडलेत. महिन्याची २० तारीख, म्हणजे दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बी ची मुदत. दुपारी लाईट गेली. नेमका त्याच क्षणी सर्व्हर डेटा फाइल लिहीत होता आणि ती अर्धवट राहिली. लाईट आल्यावर ती फाइल उघडेलच, याची खात्री कुणी देत नाही. रिटर्न एक दिवस लांबलं तर लेट फी ५० रुपये. असे २० ग्राहक असतील तर दिवसाला १,००० रुपये, शिवाय थकलेल्या करावरचं व्याज. आणि त्या २० जणांचा तुमच्यावरचा विश्वास? त्याची किंमत कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

पहिला प्रश्न: बॅटरी कशासाठी हवी?

कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळी आहेत.

१. लाईट गेल्यावर सर्व्हर सुखरूप बंद करणं. याला १० मिनिटं पुरतात.
२. लाईट नसतानाही काम चालू ठेवणं. याला तास लागतात.

पहिलं काम यूपीएसचं, दुसरं इन्व्हर्टरचं. यूपीएसकडून तासांची अपेक्षा ठेवली की पैसे जास्त जातात आणि काम अर्धवटच होतं. म्हणून आधी कागदावर लिहा: मला किती मिनिटं हवीत?

दुसरा प्रश्न: माझा लोड किती?

पॉवर सप्लायवर छापलेला आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. प्रत्यक्ष खप बराच कमी असतो, म्हणून मोजा. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो. तो नसेल तर घरातला वीजमीटर वापरा. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. फ्रिजसकट घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त सर्व्हरचा संच चालू ठेवा आणि १० मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. त्याला ६ ने गुणा, ३२०० ने भागा, १००० ने गुणा. ३२ वेळा लुकलुकला तर ६० वॅट.

आपल्या उदाहरणात साधारण असं येईल:

- मिनी पीसी: २५ वॅट
- एक्स्टर्नल हार्ड डिस्क: १० वॅट
- नेटवर्क स्विच: ५ वॅट
- वायफाय राउटर आणि फायबरचा डबा: २० वॅट
- एकूण: ६० वॅट

राउटर आणि स्विच यादीत का? लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण मधला स्विच बंद पडला तर लॅपटॉप चालू आणि सर्व्हर चालू असूनही एकमेकांशी बोलणं बंद. अर्धवट फाइलचा धोका तिथेही आहेच.

लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर अजिबात लावू नका. आतला रोलर तापवताना तो काही क्षण शेकडो वॅट खेचतो. त्या ओढीने यूपीएस बंद पडला, तर सर्व्हरही त्याच्याबरोबर जाईल.

व्हीए म्हणजे तोटी, एएच म्हणजे टाकी

खोक्यावर मोठ्या अक्षरात व्हीए लिहिलेलं असतं. तो आकडा एका वेळी किती लोड पेलवेल ते सांगतो. किती वेळ चालेल, ते सांगत नाही. त्यातही वॅटचा आकडा वेगळा बघावा लागतो. ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसची मर्यादा ३६० वॅट असते. आपला लोड ६० वॅट, म्हणजे तोटी भरपूर मोठी आहे.

वेळ ठरते ती आतल्या बॅटरीवर. लहान यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. १२ × ७ = ८४ वॅट-तास. पण हे सगळे हाताला लागत नाहीत. ७ एएच हा आकडा बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तरचा असतो. भराभर उपसली तर कमी मिळतं. त्यात यूपीएस स्वतःही थोडी वीज खातो. म्हणून ४० टक्के धरा:

८४ × ०.४ = साधारण ३४ वॅट-तास
३४ ÷ ६० वॅट = ०.५६ तास, म्हणजे ३४ मिनिटं

ही नव्या बॅटरीची गोष्ट. दोन-तीन वर्षांनी निम्मं धरा: १७ मिनिटं. गरज १० मिनिटांची. म्हणजे ६०० व्हीए पुरे! मोठ्या मॉडेलकडे वळायचंच असेल तर दुकानदाराला विचारा, "आत बॅटरी किती आणि किती एएचची?" तोटी मोठी आणि टाकी तेवढीच असेल, तर जास्तीच्या पैशात एकही मिनिट वाढत नाही.

घेताना विचारायचे तीन प्रश्न

- यूएसबी डेटा पोर्ट आहे का? ही केबल सर्व्हरला जोडली की लाईट गेल्याचं सर्व्हरला कळतं आणि तो ठरवलेल्या वेळी स्वतः नीट बंद होतो. लिनक्सवर यासाठी 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पाच मिनिटं लाईट नसेल तर बंद हो, असं सेट करा. रात्री दोनला लाईट गेली तर बटण दाबायला तुम्ही जागे नसता. पोर्ट नसलेला यूपीएस स्वस्त मिळतो, पण आपलं निम्मं काम तो करतच नाही.
- बॅटरी बदलून मिळते का आणि कितीला? दोन ते चार वर्षांनी ती बदलावीच लागते. हा खर्च आजच हिशेबात धरा.
- व्होल्टेज वर-खाली झालं तर यूपीएस ते बॅटरी न वापरता सांभाळतो का? असा प्रकार लाइन-इंटरॅक्टिव्ह नावाने मिळतो. व्होल्टेज सारखं हलणाऱ्या गावात हाच घ्या, बॅटरी जास्त टिकते.

तीन तास काम चालू ठेवायचंय?

मग इन्व्हर्टर. १२ व्होल्ट १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. आयुष्य टिकवायचं तर निम्मेच वापरा: ९००. इन्व्हर्टरमधली घट वजा जाता हातात साधारण ७३०. सर्व्हरचा संच ६०, दोन लॅपटॉप १००, पंखा ७०, दिवा २०, एकूण २५० वॅट. ७३० ÷ २५० = साधारण तीन तास. २० तारखेची दुपार निघून जाईल.

इन्व्हर्टर असला तरी यूपीएस काढू नका. विजेवरून बॅटरीवर जाताना इन्व्हर्टर काही मिलिसेकंद घेतो आणि तेवढ्यातही संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टर, त्याच्यापुढे यूपीएस, त्याच्यापुढे सर्व्हर, असा क्रम ठेवा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्ह असेल तर काही यूपीएस तिला वीज मानतच नाहीत आणि स्वतःची बॅटरी संपवत बसतात. इन्व्हर्टर असताना पाच मिनिटांत बंद व्हायची सेटिंग आड येत नाही, कारण यूपीएसला वीज मिळतच असते. इन्व्हर्टर संपला की तिथून पाच मिनिटं मोजली जातात.

बॅटरी जपा

उष्णता हा लेड-ॲसिड बॅटरीचा मोठा शत्रू. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेला यूपीएस लवकर दगा देणारच. हवेशीर जागी, भिंतीपासून थोडा दूर ठेवा. त्यात परस्पर लिथियम बॅटरी घालू नका, तिचं चार्जिंग वेगळं असतं. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता नवी घेताना दुकानात परत द्या.

दर तीन महिन्यांनी चाचणी घ्या. डेटाचा बॅकअप काढा, मग भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, अर्थिंग जोडलेलं राहू द्या. सर्व्हर स्वतः बंद झाला का आणि बॅटरीने किती मिनिटं दिली, ते तारखेसह वहीत लिहा. मिनिटं १० च्या जवळ आली की बॅटरी बदला. ही चाचणी २५ तारखेला घ्या, १९ ला नको!

तर या आठवड्यात एवढंच करा: लोड मोजा, मिनिटं ठरवा, बॅटरीचं गणित मांडा. हे तीन आकडे खिशात ठेवूनच दुकानात जा.