कुट्टी यंत्राचे डुलणारे चाक

ज्वारीचा कडबा कापणाऱ्या जुन्या यंत्राचे चाक डुलू लागले, तर नुसती पाती आवळून भागत नाही. आधी वीज तोडून पट्टा उतरवावा, पाती सोडून ठेवावीत व पायाचे बोल्ट आवळावेत. मग चाक हाताने हलवावे. आसही हलत असेल, तर बुश झिजलेले आहे, ते बदलावे. आस स्थिर असून चाकच हलत असेल, तर त्यातील पाचर सैल आहे, नवी बसवावी. शेवटी पाती लावून, पाते व तोंडावरील पट्टी यांत जाड कागदाएवढी फट ठेवावी. आस डुलत असेल, तर ही फट टिकत नाही. पाते पट्टीवर आपटून तुटते व तुकडा माणसाच्या अंगावर उडू शकतो. म्हणून चाक हाताने पुरते फिरवून पाहावे, मगच पट्टा चढवावा.