नव्या इंजिनाची पहिली धग

नवी स्कूटर घेतली की पहिले काही शे किलोमीटर ती दमाने चालवावी, हे आमच्या पिढीच्या अंगवळणी पडले होते. मोटारीच्या मागील काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटीही लावली जाई. त्यामुळे नातवाने मॉडेल विमानाचे इंजिन आणले की आजोबांच्या तोंडून तोच सल्ला निघतो : सावकाश घे. मुठीत मावणाऱ्या या इंजिनाला मात्र तो सल्ला सरसकट लागू पडत नाही. क्वचित तो त्याच्या मुळावरच येतो.

1947 साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि ठिणगीसाठी लागणाऱ्या कॉइल व बॅटरीचे ओझे विमानावरून उतरले. प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार आरंभी दीड व्होल्टच्या सेलने तापवितात. पुढे ज्वलनामुळे ती तप्तच राहते. इंधनात मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल असते. हे तेल परंपरेने एरंडेलच! गुजरातच्या पेढ्यांवर ज्याचे सौदे होतात तेच. प्रखर उष्णतेतही ते धातूला सोडत नाही, म्हणून नव्या इंजिनाच्या इंधनात त्याचा अंश असावाच, असे माझे मत आहे.

जुन्या घडणीच्या इंजिनात पोलादी सिलिंडर व बिडाचा पिस्टन असतो. त्याच्यासाठी आजोबांचा सल्ला योग्यच. नीडल व्हॉल्व्ह अधिक उघडा ठेवून इंधन जास्त द्यावे, काही मिनिटे चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, पुन्हा चालवावे. त्या वेळी एकाआड एक फेरीत ज्वलन होऊन आवाज जाडसर, अडखळता येतो.

‘एबीसी’ इंजिनाची गोष्ट निराळी. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची म्हणजे ब्रासची नळी आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा, ही त्या अक्षरांची फोड. नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड इंजिन हाताने फिरविले तर पिस्टन वर जाऊन अडतो आणि ग्राहक माल सदोष समजून दुकानदाराकडे धाव घेतो. वास्तविक ती रचनाच तशी आहे. तापल्यावर नळी पिस्टनपेक्षा अधिक प्रसरण पावते व हवी तेवढी मोकळीक मिळते. असे इंजिन बराच वेळ थंड आणि इंधनाने ओलेचिंब चालविले तर तो घट्टपणा कायम राहतो. पिस्टन घासतो, कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. त्याला एक-दोन मिनिटांच्या खेपा द्याव्यात. इंधन किंचित जास्त, पण आवाज सलग. आणि दोन खेपांमध्ये पूर्ण विश्रांती. फारच अडत असेल तर सुरू करण्यापूर्वी हेअर ड्रायरने सिलिंडर कोमट करावा. पंखाही नेहमीपेक्षा थोडा लहान लावावा.

घरातील मोठ्यांनी लक्ष द्यावे ते बोटांकडे. इंजिन मजबूत चौकटीवर आवळलेले असावे, पंखा काठीने फिरवावा आणि नीडल पंख्याच्या मागे उभे राहूनच हलवावी. मिथेनॉल विषारी असते, शिवाय त्याची ज्योत भर उन्हात दिसतही नाही. इंधनाचा डबा दूरच बरा.

काम संपल्यावर टाकी रिकामी करून नळीतील उरलेले इंधन मंद वेगात जळू द्यावे व आत तेलाचे चार थेंब सोडावेत. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते. चातुर्मासात विमान माळ्यावर जाते, आणि दिवाळीनंतर ते खाली काढावे तर बेअरिंग गंजून बसलेले असते.