बाई, किती देते?

कोकणात म्हैस घेतली काय आणि गाडी घेतली काय, लोक एकच विचारतात: किती देते? यंदा एप्रिलमध्ये लेक कामानिमित्त दोन महिने परदेशी गेली. जाण्याआधी ती आणि जावई पुण्याहून आले आणि त्यांची हायब्रिड गाडी सावर्ड्याला आमच्या अंगणात ठेवून गेले. पहिल्याच संध्याकाळी चार जणांनी गडग्यावरून विचारलं, "बाई, किती देते?" कंपनी अठ्ठावीस सांगते, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. म्हटलं, मोजू या.

मोजायची रीत सोपी आहे. टाकी भरायची, पंपावर पहिला कट पडला की थांबायचं आणि मीटरवरचे किलोमीटर लिहायचे. पुढच्या खेपेला त्याच पंपावर तसंच भरायचं. मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागलं की अ‍ॅव्हरेज मिळालं. गाडीच्या पडद्यावरचा आकडा बघायचाच नाही. माझ्या जुन्या छोट्या पेट्रोल गाडीसाठी अशी वही मी कधीची ठेवते. तिच्यातली ताजी नोंद ३८९ किलोमीटर, २२.६ लिटर, म्हणजे १७.२. त्याच रस्त्यांवर हायब्रिडची पहिली नोंद ४१२ किलोमीटर, १८.७ लिटर, म्हणजे २२.

मग अठ्ठावीस कुठे गेले? लेकीच्या गाडीसारख्या ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तो खोटा नाही, पण तो रस्त्यावरचाही नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या, वाहनं तपासणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी फिरत्या रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. तिथे चढ नसतो, खड्डा नसतो आणि एसी बंद असतो. सगळ्या गाड्यांना एकच पेपर, म्हणून गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा बरा. आपल्या खर्चाचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नये.

हायब्रिड म्हणजे काय, हेही पुष्कळांना नीट ठाऊक नसतं. आमच्या शेजाऱ्यांना वाटलं होतं, रात्री प्लग लावावा लागणार. तसं काही नाही. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते. गाडी एकट्या विजेवर चालत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर स्वतः गाडी ओढते. इंजिन लागेल तेव्हा येतं, नको तेव्हा झोपतं. ब्रेक लावला की तीच मोटर उलटी वापरून वीज तयार होते आणि बॅटरीत जाते. साध्या गाडीत ब्रेक तापून हवेत जाणारी शक्ती इथे परत मिळते. टोयोटाने १९९७ साली जपानात प्रियस आणली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे.

म्हणूनच ही गाडी आपला गुण गर्दीत दाखवते. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर वाहनं तुंबली की माझी जुनी गाडी जागच्या जागी पेट्रोल पीत बसते. हायब्रिडचं इंजिन बंद, एसी मात्र चालू. पावलापावलाने पुढे सरकायचं तेही विजेवरच. तीच गाडी चौपदरी महामार्गावर नव्वद-शंभरच्या वेगाने संगमेश्वरच्या दिशेने नेली तर ब्रेक फारसा लागत नाही, मग परत मिळवायचं काय? तिथे माझ्या दोन वह्यांमधला फरक लिटरला दोनेक किलोमीटरवर आला. शहरात गाडी कमी देते आणि हायवेवर जास्त, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेलं वाक्य. हायब्रिडने ते उलटं केलंय.

घाटाची गंमत आणखी वेगळी. कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरताना मला वाटलं होतं, आता बॅटरी भरत भरत घरी पोचू. अर्ध्या घाटातच ती पडद्यावर भरलेली दिसू लागली आणि इंजिन एकदम ओरडायला लागलं. मी घाबरून गाडी बाजूला घेतली. नंतर घरी बसून हिशेब केला. माणसांसकट १,४०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली, तर तिच्याकडे जवळजवळ दोन युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. ग्रँड व्हिटारा-हायरायडरच्या बॅटरीत पाऊण युनिटच मावतं. घर्षणात जातं ते सोडलं तरी भांडं लहान आणि पाणी फार. उरलेला जोर अडवायला गाडी इंजिन नुसतं फिरवते. तो आवाज बिघाडाचा नाही, ब्रेक वाचवण्याचा आहे.

आता पैशाचं बोलू. त्याच गाडीचं साधं पेट्रोल मॉडेल १७.२ देतं आणि हायब्रिड दोन लाखांनी महाग आहे, असं धरा. पेट्रोल १०५ रुपये धरा. मी वर्षाला फार तर ६,००० किलोमीटर फिरते: चिपळूणचा बाजार, डेरवणचा दवाखाना, एखादं लग्न. माझे ७६ लिटर वाचतील, म्हणजे आठ हजार रुपये. दोन लाख फिटायला पंचवीस वर्षं. आज मी अडुसष्टची आहे. माझा एक विद्यार्थी मात्र औषधांच्या कामासाठी वर्षाला ३०,००० किलोमीटर काढतो. त्याचे पाच वर्षांत फिटतील. तो म्हणतो, सीएनजी त्याहून स्वस्त. खरं आहे, वॅगन आरचा सीएनजीचा जाहीर आकडा किलोला ३४ च्या वर आहे. पण रांगेतला वेळ आणि सिलिंडरने अडवलेली डिकी हेही त्याने खर्चात धरावं.

खरी छोटी, चार मीटरच्या आतली स्ट्राँग हायब्रिड हे लिहीपर्यंत तरी आपल्या बाजारात आलेली नाही. युरोपात टोयोटाची यारिस हायब्रिड कितीतरी वर्षं धावते आहे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात १,२०० सीसीपर्यंतच्या अशा छोट्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के कर ठरला, मोठ्यांना ४०. म्हणजे ताट मांडलंय, जेवणारा यायचाय.

गैरसोयीच्या बाजूलाही दोन नोंदी आहेत. गाडीत पुढे नारिंगी वायरी दिसतात, त्या जास्त दाबाच्या विजेच्या. आमचा गॅरेजवालाही माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, तेल बदलीन, टायर काढीन, पण त्या नारिंगीला हात लावणार नाही." शहाणा आहे. पावसात इंजिनाच्या उबेला उंदीर येऊन वायरी कुरतडतात, ते इथे महागात पडेल. मोठ्या बॅटरीला या गाड्यांत ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते, ती कागदावर नीट वाचून घ्यावी. आणि पाण्यात घालू नये, हे २२ जुलै २०२१ चं पुरात बुडालेलं चिपळूण पाहिलेल्याला सांगायला नको. बुडालेली गाडी कुठलीही असो, चावी फिरवून बघायची नाही.

दुसरी नोंद डिकीची. बॅटरी मागे बसवल्यामुळे ग्रँड व्हिटाराची डिकी ३७३ लिटरची २६५ होते, होंडा सिटीची ५०६ ची ३०६. कागदावर हे आकडे नुसते असतात. लेक जूनच्या तोंडाला गाडी न्यायला आली, तेव्हा ते कळले. तांदळाचं पोतं आणि वीस नारळ ठेवल्यावर डिकी संपली. ती म्हणाली, "आई, गाडी आवडली असेल तर ठेव इथेच, मी दुसरी बघते." मी वही पुढे केली. पुण्यातल्या सिग्नलांवर रोज तासभर रखडणाऱ्या बाईने ही गाडी सोडायची आणि सावर्ड्याच्या म्हातारीने पोसायची, हे कुठल्या गणितात बसतं?

गडग्यावरून पुन्हा आवाज आला, "बाई, शेवटी किती देते?" मी म्हटलं, "आधी तू किती आणि कुठे फिरतोस ते सांग." तो विचारात पडला. राहिला होता फणस. तो मागच्या सीटवर बसवला, बॅटरीसाठी हवा घेणारी जाळी मोकळी ठेवली आणि फणसाला पट्टा बांधून गाडी पुण्याला रवाना केली.