रॅटक्लिफ बंद, चंद्रपूर चालू

एम-वनवरून उत्तरेकडे जाताना नॉटिंगहॅमच्या अलीकडे दिसणारे रॅटक्लिफचे आठ अगडबंब कूलिंग टॉवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ते वीजकेंद्र बंद झाले. १८८२ साली एडिसनने लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर कोळशाची वीज सुरू केली, तिचा ब्रिटनमधला कारभार आटोपला.

मग इथला कोळसा संपला का हो? मुळीच नाही. १९१३ मध्ये सुमारे २९ कोटी टन काढणाऱ्या या देशाच्या पोटात तो अजून आहे. पण खोल खाणीतून उपसण्यापेक्षा बाहेरून आणणे स्वस्त पडू लागले. पुढे गॅस आला, वारा आला. केलिंग्लीची शेवटची मोठी भूमिगत खाण डिसेंबर २०१५ मध्येच बंद झाली.

जगाचा हिशेब मात्र उलटाच! २०२४ मध्ये जगाने सुमारे ८८० कोटी टन कोळसा जाळला. तोवरचा उच्चांक. निम्म्याहून जास्त एकट्या चीनने. साठा म्हणाल तर अंदाजे एक लाख कोटी टन, आणि त्यातला तीन-चतुर्थांश अमेरिका, रशिया, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत या पाच देशांत. आजच्या वेगाने शंभर वर्षे सहज पुरेल. अर्थात ‘साठा’ म्हणजे परवडणाऱ्या खर्चात काढता येईल तेवढाच. भाव बदलला की आकडाही बदलतो.

भारताने २०२४-२५ मध्ये प्रथमच १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. तरी आयात चालूच, कारण आपल्या कोळशात राख फार, कधी कधी तर चाळीस टक्के. आणि पोलादासाठी लागणारा चांगला कोळसा कमी.

२०२१ च्या ग्लासगो परिषदेत ‘कोळसा बंद’ऐवजी ‘कोळसा कमी’ असा शब्द भारताने घालून घेतला, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी नाके मुरडली. आम्हाला ते खटकले. दीड-दोनशे वर्षे मनसोक्त जाळून झाल्यावर हा उपदेश! भारताची सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशावर होते; गावाकडे आईच्या डोक्यावरचा पंखा बहुधा त्यावरच फिरतो. पण २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्राची राख आणि आसपासच्या खाणींची धूळ रोज ज्यांच्या छातीत जाते, तीही आपलीच माणसे ना? त्यांना ग्लासगोतल्या शब्दाशी काय देणेघेणे! त्यांना अंगणात वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पुन्हा झटकावे लागतात.