मार्शल लॉची दप्तरे

भिवंडीतील कामतघर आणि पद्मानगर या भागांत तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. मागावर पोट असलेला हाच समाज सोलापुरातही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला. त्या सोलापूरने १९३० साली जे भोगले, त्यातील चार हुतात्म्यांची नावे तेवढी कामतघरच्या विद्यार्थ्यास पाठ असतात.

५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक होताच सोलापुरात संतापाची लाट उसळली. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. पुढे पोलिसांचेही बळी गेले. १२ मे रोजी पुकारलेला मार्शल लॉ जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. पोलिसांच्या खुनाचा त्यांच्यावरील आरोप बनावट होता, अशी सोलापूरकरांची धारणा आहे.

पोलिसांचे मारेकरी शोधणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच होय, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु मार्शल लॉच्या त्या दिवसांत डोक्यावरची गांधी टोपी हाही अपराध ठरला होता. खुनाचा तपास आणि टोपीची धास्ती एकाच कायद्याच्या पोटात गेली, की न्याय कोठे संपतो व सूड कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते.

साम्राज्याचा हा खाक्या सोलापुरापुरता नव्हता. केनियात १९५२ साली आणीबाणी जाहीर झाली आणि माउ माउ चळवळीच्या संशयावरून हजारो किकुयूंना छावण्यांत डांबण्यात आले. ३ मार्च १९५९ रोजी होला छावणीत ११ स्थानबद्ध पहारेकऱ्यांच्या मारहाणीत मरण पावले. अधिकाऱ्यांनी आधी सांगितले, की ते पाणी प्यायल्याने दगावले! २००९ साली काही वृद्ध केनियन लंडनच्या न्यायालयात गेले, तेव्हा ब्रिटिश सरकारचा पवित्रा असा, की जबाबदारी स्वातंत्र्याबरोबर केनियाच्या सरकारकडे गेली. न्यायालयाने तो युक्तिवाद मानला नाही. त्याच सुमारास, २०११ साली, वसाहतींतून गुपचूप इंग्लंडला नेऊन ठेवलेली हजारो दप्तरे उघडकीस आली. ज्यांना इतकी वर्षे केवळ 'आरोप' म्हटले जात होते, त्या गोष्टी सरकारच्याच कागदांत नोंदलेल्या निघाल्या.

सोलापूरचे दुर्दैव असे, की ही दप्तरे खुली होईपर्यंत मार्शल लॉला एक्याऐंशी वर्षे लोटली होती. केनियाच्या वृद्धांपाशी दाखवायला अंगावरचे व्रण तरी होते. सोलापूरचे बहुतेक साक्षीदार तोवर काळाआड गेले होते. विणकरांच्या घराघरांत उरलेल्या आठवणी टिपून ठेवण्याचे काम सोलापूर आणि भिवंडीच्या महाविद्यालयांना आजही करता येईल. ते सरकारी दप्तराची वाट पाहत ठेवण्याचे कारण नाही.

६ जून २०१३ रोजी ब्रिटिश सरकारने ५,२२८ केनियनांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर केली आणि खेद व्यक्त केला. कायदेशीर जबाबदारी मात्र त्याही दिवशी नाकारली.