मुलींची सुंता : कायदा आणि लोकमत

प्रस्तुत विषय घरांतील सर्व मंडळींत मोठ्यानें वाचण्याजोगा नाहीं असें कांहीं वाचकांस वाटेल, आणि त्यांचा संकोच मला समजतो. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार करण्यास आपण लाजतों ती लहान मुलींच्या वांट्यास प्रत्यक्ष येत आहे. इतकेंच नव्हे, तर तिचा उच्चार होत नाहीं हेंच तिच्या दीर्घायुष्याचें एक कारण आहे. युनिसेफ या संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें जगांत २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया अशा आहेत कीं, ज्यांच्या जननेंद्रियाचा कांहीं भाग, वैद्यकीय कारण कोणतेंहि नसतां, केवळ रूढीखातर कापला गेला आहे. त्यांपैकीं १४ कोटींहून अधिक आफ्रिकेंत व सुमारें ८ कोटी आशियांत आहेत.

या विधीस आपल्याकडे मुलींची सुंता म्हणतात. नांव सोयीचें आहे, पण फसवें आहे. मुलग्याच्या सुंतेशीं याचें साम्य नांवापुरतेंच. कोठें अल्पसा भाग कापतात, कोठें बाह्येंद्रियाचा बहुतेक भाग; आणि सोमालिया-सुदानच्या बाजूस तर कापून उरलेली जागा शिवून टाकण्याचीहि चाल आहे. करणारी बहुधा गांवांतील एखादी वृद्ध स्त्री, हत्यार म्हणजे वस्तरा किंवा साधें पातें, आणि मुलीचें वय कोठें पांच-सात वर्षांचें, तर कोठें बारा-चौदा. रक्तस्राव, धनुर्वात, मूत्रावरोध हीं तात्कालिक संकटें झालीं. पुढचीं बाळंतपणांत दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेनें सहा आफ्रिकी देशांतील २८,००० हून अधिक बाळंतिणींची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. छेद जितका मोठा तितका बाळंतिणीस रक्तस्रावाचा धोका अधिक, व अर्भकाच्या मृत्यूचें भयहि अधिक, असें तींत आढळून आलें.

हें वाचून पहिला प्रश्न मनांत येतो तो हा कीं, आया आपल्या पोटच्या मुलींना असें करवतात तरी कशा? या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या खंडांत शोधण्यापूर्वीं आपल्याच माजघरांत एकदां डोकावून पाहावें. विधवेच्या केशवपनाचा आग्रह धरणाऱ्या आमच्या आज्या-पणज्या कांहीं राक्षसी नव्हत्या. लोक काय म्हणतील, घराण्यास बोल लागेल, धाकट्या मुलींचीं लग्नें अडतील, या धास्तीनें त्या न्हाव्यास बोलावीत राहिल्या. आणि ज्या घरांत तें मनांतून कोणासच नको होतें त्या घरांतहि तें होत राहिलें. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांच्या डोकीवर वस्तरा न चालविण्याचा निश्चय केला. त्या निश्चयाचें मोल मोठें आहे. तथापि ती चाल खरोखर बंद पडली ती माजघरांतील मन फिरलें तेव्हां, आणि तेंहि एका घरचें नव्हे, तर सोयऱ्याधायऱ्यांच्या सर्व घरचें फिरलें तेव्हां.

आफ्रिकेंतील मातेची अडचण याच जातीची आहे. जेथें सर्वांच्या मुलींची सुंता होते तेथें न झालेली मुलगी अशुद्ध व लग्नास अयोग्य ठरते. एकट्या आईबापांनीं शहाणपणा केला तर त्याची किंमत मुलीस मोजावी लागते. धर्माचें नांव पुढें केलें जातें खरें. परंतु ही चाल इस्लामाहून जुनी आहे, कुराणांत तिची आज्ञा नाहीं, आणि इजिप्तमध्यें ख्रिस्ती कॉप्ट लोकांतहि ती चालत आली आहे. शास्त्राहून रूढि बलवत्तर असें आमचे जुने शास्त्री म्हणत, तें केवळ भरतखंडापुरतें खरें नव्हे.

हें ध्यानांत न घेतां वरून हुकूम सोडणाऱ्यांची काय गत होते, याचा धडा केनिया देशानें दोनदां दिला. १९२९ सालीं स्कॉटिश मिशनच्या पाद्र्यांनीं किकुयू जमातींतील आपल्या अनुयायांकडून सुंतेविरुद्ध प्रतिज्ञा मागितली. परिणाम असा झाला कीं, लोक चर्च सोडून बाहेर पडले व त्यांनीं स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या. जी एक घरगुती चाल होती ती राष्ट्राभिमानाची खूण होऊन बसली. पुढें स्वतंत्र केनियाचे पहिले अध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांनीं १९३८ सालच्या आपल्या ग्रंथांत या विधीचें समर्थनच केलें. १८९१ च्या संमतिवयाच्या बिलाचा वाद ज्यांनीं वाचला आहे त्यांना हें चित्र अनोळखी वाटणार नाहीं. परक्या सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये, हा प्रश्न तेथेंहि पुढें आला आणि जिच्यासाठीं सर्व खटाटोप ती मुलगी मागें राहिली.

दुसरा प्रसंग याहून विलक्षण आहे. १९५६ सालीं केनियांतीलच मेरू भागांत न्जुरी न्चेके नांवाच्या वृद्धांच्या पंचायतीनें, इंग्रज अधिकाऱ्यांच्या उत्तेजनानें, मुलींच्या सुंतेस बंदी केली. पंचायत सारी पुरुषांची. ज्यांचा हा विधि त्या स्त्रियांस कोणीं विचारलें नव्हतें. तेव्हां मुलींनीं काय करावें? त्यांनीं दुकानांतून दाढीचीं पातीं विकत आणलीं आणि एकमेकींची सुंता आपल्याच हातांनीं केली. या मुलींस नांव पडलें न्गाइताना, म्हणजे ‘माझी सुंता मीच करीन’ असें म्हणणाऱ्या. पुढील तीन वर्षांत २,४०० हून अधिक मुली, स्त्रिया व पुरुष यांच्यावर बंदी मोडल्याचे आरोप ठेवण्यांत आले. जिच्या रक्षणार्थ कायदा केला तीच आरोपी म्हणून उभी राहिली! परंतु त्या पोरींच्या जागीं उभें राहून पाहिलें म्हणजे कोडें सुटतें. हा विधि म्हणजे पोर-वय संपून जाणत्या बायकांत गणना होण्याचें द्वार होतें. बंदी करणाऱ्यांनीं तें द्वार लावून टाकलें, आणि दुसरें कोणतेंच उघडलें नाहीं.

आपल्याकडेहि शारदा कायदा १९२९ सालीं पास झाला व १ एप्रिल १९३० पासून अंमलांत यावयाचा ठरला, तेव्हां मधल्या महिन्यांत देशभर बालविवाहांची झुंबड उडाली होती. १९३१ च्या शिरगणतींत तिचे वळ उमटलेले आहेत. मग कायदा करूंच नये काय? माझें म्हणणें तसें मुळींच नाहीं. शारदा कायदा झाला नसता तर पुढील पिढीच्या बापांस ‘काय करणार, कायदा आडवा येतो’ असें म्हणून आजीबाईंच्या हट्टांतून सुटतांहि आलें नसतें. कायद्याचा हा उपयोग लहान नाहीं. परंतु तो ज्यास हवा असा बाप आधीं निर्माण व्हावा लागतो.

तो कसा निर्माण होतो, हें पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगाल देशांत दिसलें. तेथें १९९१ पासून तोस्तान नांवाची संस्था खेड्यांतील प्रौढ स्त्रियांस त्यांच्याच भाषेंत आरोग्य, हिशेब, माणसाचे हक्क असे विषय शिकवीत आली आहे. वोलोफ भाषेंत तोस्तान म्हणजे अंडें फुटून पिलूं बाहेर येणें. संस्थेच्या संस्थापिका मॉली मेल्चिंग या अमेरिकन बाई. सुंता बंद करा असा उपदेश करण्याचा या वर्गांचा रिवाज नव्हता. शरीराची माहिती द्यावयाची आणि बायकांस बोलतें करावयाचें, एवढेंच. मालिकुंडा बांबारा या खेड्यांतील स्त्रियांनीं आपसांत विचार करून ३१ जुलै १९९७ रोजीं जाहीर केलें कीं, आमच्या गांवांत यापुढें हा विधि होणार नाहीं.

येथें गोष्ट संपली असती तर ती एक सुंदर बातमी होऊन राहिली असती. शेजारच्या गांवांत त्या स्त्रियांवर टीकेचा भडिमार झाला. त्या वेळीं केर सिंबारा या खेड्यांतील देंबा जावारा नांवाचे एक वयोवृद्ध इमाम पुढें आले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आमच्या मुली दहा गांवांत दिल्या आहेत आणि दहा गांवांतून सुना आणल्या आहेत. एका गांवानें सोडून कसें भागेल? सोडावयाचें तर साऱ्या सोयऱ्यांनीं मिळून सोडलें पाहिजे. एवढें सांगून ते थांबले नाहींत. एक-दोन आप्तांस बरोबर घेऊन हे गृहस्थ पायीं निघाले आणि सोयरिकीच्या दहा गांवांत हिंडले. कोणास दोष दिला नाहीं, लाजिरवाणीं चित्रें दाखविलीं नाहींत. बायकांशीं बायका बोलल्या, वृद्धांशीं वृद्ध. फेब्रुवारी १९९८ मध्यें जाबुगू या गांवीं १३ गांवांनीं एकत्र जमून सुंता सोडल्याचें जाहीर केलें. सोयरिकीचें सगळें वर्तुळच बाहेर पडलें, तेव्हां ‘लग्न कोण करील’ हा प्रश्न आपोआप निकालांत निघाला. चीनमध्यें मुलींचे पाय बांधण्याची चालहि अशीच सुटली होती. तेथील मंडळ्यांचे सभासद मुलीचे पाय बांधणार नाहीं एवढेंच लिहून देत नसत, तर बांधलेल्या पायांची सूनहि करणार नाहीं असें लिहून देत.

सेनेगालचा कायदा यानंतर, जानेवारी १९९९ मध्यें झाला. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा त्यांत आहे. गंमत अशी कीं, तोस्तानच्या मंडळींस हा कायदा थोडा घाईचाच वाटला होता. गांवें आपण होऊन पुढें येत असतां पोलिसाचें भय मध्येंच कशाला, असें त्यांना वाटे. त्यांची भीति अगदींच अनाठायीं नव्हती. पुढें हजारों गांवांनीं जाहीर प्रतिज्ञा केल्या, तरी २०१९ च्या पाहणींतहि त्या देशांतील सुमारें चौथा हिस्सा स्त्रिया सुंता झालेल्या आढळल्या. प्रतिज्ञा घेतलेलें प्रत्येक घर ती पाळतेंच असें समजण्याइतका भोळेपणा कोणीं करूं नये.

केनियानें मात्र आपल्या जुन्या अपयशांवरून कांहीं शिकल्याचें दिसतें. जेथें न्गाइताना मुलींनीं पातीं विकत घेतलीं त्याच मेरूच्या शेजारीं, थाराका भागांत, १९९६ सालीं स्त्रियांच्या संघटनेनें नवा विधि सुरू केला. त्याच्या नांवाचा अर्थ ‘शब्दांनीं केलेली सुंता’. मुलींनीं कांहीं दिवस एकत्र राहावयाचें, जाणत्या बायकांनीं त्यांना स्त्रीजीवनाच्या गोष्टी सांगावयाच्या, शेवटीं गांवानें गाणीं, भेटी व मेजवानी देऊन त्यांचें कौतुक करावयाचें. वस्तरा तेवढा वगळावयाचा. चाळीस वर्षांपूर्वीं लावून टाकलेलें द्वार बायकांनीं असें दुसऱ्या बाजूनें उघडलें. मग २०११ चा कायदा आला. त्यांत किमान तीन वर्षांची कैद किंवा दोन लक्ष शिलिंग दंड आहे, आणि देशाबाहेर नेऊन सुंता करविणेंहि गुन्हा आहे. परंतु मला सर्वांत मार्मिक वाटलें तें निराळेंच कलम : सुंता न झालेल्या स्त्रीस, किंवा तिच्याशीं लग्न करणाऱ्या पुरुषास, त्यावरून हिणविणें हाहि तेथें गुन्हा ठरविला आहे. हें कलम लिहिणारास पाणवठ्यावरील टोमण्याची धार माहीत असली पाहिजे. केनियांत सुंता झालेल्या स्त्रियांचें प्रमाण १९९८ च्या पाहणींत शेंकडा ३८ होतें, तें २०२२ मध्यें शेंकडा १५ वर आलें. ईशान्येकडील सोमाली वस्तींत मात्र फारसा फरक पडलेला नाहीं. आणि इतरत्र कांहीं कुटुंबें कायद्यास चुकवून मुलगी अधिक लहान असतांनाच गुपचूप विधि उरकूं लागलीं आहेत.

चुकविण्याची सर्वांत सफाईदार रीत इजिप्तमध्यें निघाली. तेथें २००७ सालीं मुख्य मुफ्तींनीं ही चाल निषिद्ध असल्याचा फतवा दिला, २००८ सालीं कायदा झाला, २०१६ व २०२१ मध्यें तो अधिक कडक झाला. तरी सुईणीच्या हातचा वस्तरा गेला आणि डॉक्टरच्या हातीं शस्त्र आलें. २०१४ च्या पाहणींत सुंता झालेल्या मुलींपैकीं चारांत तिघींहून अधिक मुलींवर डॉक्टर किंवा परिचारिका यांनींच ती केलेली होती. सुशिक्षित वाचकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. शिक्षण रूढीचा नाश करतें असें आपण मानतों, पण पुष्कळदां तें रूढीस फक्त निर्जंतुक करून देतें.

आतां घराजवळ येऊं. दाऊदी बोहरा समाजांत ही चाल खतना किंवा खफ्ज या नांवानें आहे, आणि त्या समाजाचें एक मोठें केंद्र आपली मुंबई. मुलगी सात वर्षांची झाली कीं आजी किंवा मावशी तिला कांहीं निमित्तानें बाहेर नेते. मुंबईच्या आय. आय. टी. मधील विदुषी रेहाना घडियाली यांनीं १९९१ सालींच यावर लेख लिहिला होता. पण मोठ्या संख्येनें बोहरा स्त्रिया उघड बोलूं लागल्या त्या २०१५ नंतर. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज दाखल झाला. २०१८ मध्यें सरकारच्या वतीनें ॲटर्नी जनरलनीं हें कृत्य चालू फौजदारी कायद्यांतहि गुन्हाच होतें असें सांगितलें, तर समाजांतील दुसऱ्या स्त्रियांनीं हा आमचा निरुपद्रवी धर्मविधि आहे असा पक्ष मांडला. २०१९ मध्यें शबरीमलेच्या निकालाबरोबर हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. तिकडे ऑस्ट्रेलियांत त्याच वर्षीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें एका बोहरा प्रकरणांत अल्पशी इजाहि कायद्याच्या कक्षेंत येते असा निर्णय दिला. तो खटला चालू असतांच परदेशांतील कांहीं जमातींनीं आपल्या लोकांस पत्रें काढून, त्या त्या देशाचा कायदा मोडूं नका, असें कळविलें होतें.

न्यायालय केव्हां व काय म्हणेल याची वाट न पाहतां सहियो नांवाच्या संस्थेच्या बोहरा स्त्रियांनीं २०१७ पासून मुंबईंत एक उपक्रम चालविला, त्याचें नांव ‘थाल पे चर्चा’. बोहरा घरांत मोठ्या थाळाभोंवतीं सर्वांनीं मिळून एकाच ताटांत जेवण्याची चाल आहे. त्या रीतीनेंच या बायका जमतात. कोणी बंदीच्या बाजूची, कोणी विरुद्ध, कोणी अद्याप मुलीविषयीं निर्णय न घेतलेली. जेवतां जेवतां प्रत्येकीनें आपल्यास काय आठवतें तें सांगावयाचें, आणि दुसरी बोलत असतांना तिला मध्येंच तोडावयाचें नाहीं.